डिस्क गोल्फ : ‘ॲक्सिअम’चे पटर आणि लहान कंपन्यांची वाट

डिस्क गोल्फच्या व्यावसायिक जगज्जेतेपद स्पर्धेत जून २०२१ मध्ये अमेरिकेच्या जेम्स कॉनराड याने सुमारे ७५ मीटर अंतरावरून फेकलेली तबकडी थेट टोपलीच्या साखळ्यांमध्ये विसावली. युटा राज्यातील ऑग्डेन येथे झालेल्या या स्पर्धेचे ते अखेरचे होल होते आणि कॉनराड एका फेकीने पिछाडीवर होता. या एका फेकीने सामना बरोबरीत आला आणि त्यानंतरच्या निर्णायक लढतीत पाच वेळचा जगज्जेता पॉल मॅकबेथ पराभूत झाला. डिस्क गोल्फच्या विश्वात ‘होली शॉट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या फेकीमुळे आणखी एक नाव चर्चेत आले. ते होते कॉनराडच्या हातातील तबकडीचे, ‘एन्व्ही’चे. ती बनविणारा ‘ॲक्सिअम’ हा ब्रँड या खेळाबाहेर फारसा कोणाला ठाऊक नव्हता.

त्याच वर्षाच्या प्रारंभी मॅकबेथने ‘डिस्क्राफ्ट’ या जुन्या कंपनीबरोबर दहा वर्षांसाठी एक कोटी डॉलरचा करार केला होता. कॉनराडने त्याच सुमारास ‘इनोव्हा’ ही मोठी कंपनी सोडून ‘एमव्हीपी डिस्क स्पोर्ट्स’शी करार केला होता, ‘ॲक्सिअम’ हा तिचाच भगिनी ब्रँड आहे. त्यामुळे ऑग्डेनमधील लढतीकडे दोन खेळाडूंच्या सामन्याबरोबरच प्रस्थापित आणि नवोदित उत्पादकांमधील चढाओढ म्हणूनही पाहिले गेले.

खेळाची पार्श्वभूमी

डिस्क गोल्फमध्ये चेंडूऐवजी तबकडी आणि छिद्राऐवजी खांबावर बसविलेली टोपली असते. टोपलीच्या वर लोखंडी साखळ्या लोंबत असतात. तबकडी त्यांवर आदळते, तिचा वेग संपतो आणि ती टोपलीत पडते. ठरावीक जागेवरून सुरुवात करून कमीत कमी फेकींत तबकडी टोपलीत पोहोचविणे, एवढाच खेळाचा उद्देश. ऑलिम्पिकमधील थाळीफेकीशी त्याचा संबंध नाही. थाळीफेकीत अंतर मोजले जाते, येथे फेकींची संख्या.

या खेळाला आजचे रूप देण्याचे श्रेय एड हेड्रिक यांना दिले जाते. ‘व्हॅम-ओ’ कंपनीत असताना त्यांनी फ्रिस्बीच्या पृष्ठभागावर वर्तुळाकार रेषा उमटवून तिचे उड्डाण स्थिर केले. त्याचे पेटंट त्यांना १९६७ मध्ये मिळाले. कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह येथे १९७५ मध्ये पहिले कायमस्वरूपी मैदान उभे राहिले. प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन अर्थात पीडीजीए ही संघटना १९७६ मध्ये स्थापन झाली आणि साखळ्यांच्या टोपलीचे पेटंट १९७७ मध्ये मंजूर झाले. हेड्रिक यांचे २००२ मध्ये निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार त्यांच्या अस्थींची राख प्लास्टिकमध्ये मिसळून त्यापासून तबकड्या तयार करण्यात आल्या.

प्रारंभी साध्या फ्रिस्बीनेच खेळल्या जाणाऱ्या या खेळात १९८३ मध्ये मोठा बदल घडला. डेव्ह ड्युनिपेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेल्या ‘इनोव्हा’ने कड निमुळती असलेली तबकडी बाजारात आणली. ती हवा कापत अधिक दूर जाई. त्यानंतर तबकड्यांचे तीन मुख्य वर्ग रूढ झाले. लांब फेकीसाठी ड्रायव्हर, मधल्या अंतरासाठी मिडरेंज आणि टोपलीजवळच्या फेकीसाठी पटर.

पटरचे महत्त्व

ड्रायव्हरची कड रुंद आणि धारदार असते. पुरेशा वेगाने फेकल्यासच ती नीट उडते. याउलट पटरची कड बोथट, अरुंद आणि खोल असते. कमी वेगातही ती सरळ जाते, हातात घट्ट बसते आणि साखळ्यांवर आदळल्यावर सहसा उसळून बाहेर येत नाही.

टोपलीपासून दहा मीटरच्या आत केलेली फेक नियमानुसार ‘पट’ मानली जाते. या वर्तुळात तबकडी सोडल्यानंतर तोल सावरून स्थिर उभे राहिल्याखेरीज खेळाडूला खुणेच्या पुढे पाऊल टाकता येत नाही. धाव घेऊन जोर लावण्याची मुभा नसल्याने येथे ताकदीपेक्षा हाताची सवय निर्णायक ठरते.

अठरा होलच्या फेरीत ड्रायव्हर काही ठिकाणी वापरला जातो, काही ठिकाणी नाही. पटर मात्र जवळपास प्रत्येक होलवर हातात येते. सरावासाठी खेळाडू एकाच बनावटीची अनेक पटर विकत घेतात आणि एकदा हात बसला की वर्षानुवर्षे ती बदलत नाहीत. म्हणूनच नव्या उत्पादकासाठी पटर ही सर्वांत अवघड आणि तितकीच लाभदायक बाजारपेठ असते. खेळाडूचा विश्वास मिळवणे कठीण असते. परंतु तो मिळाल्यास ग्राहक सहसा दुसरीकडे वळत नाही.

नियमांची चौकट

अधिकृत स्पर्धेत वापरायच्या प्रत्येक नव्या बनावटीला पीडीजीएची मान्यता घ्यावी लागते. तबकडीचा व्यास किमान २१ सेंटिमीटर असावा लागतो. व्यासाच्या प्रत्येक सेंटिमीटरमागे ८.३ ग्रॅमपेक्षा अधिक वजन चालत नाही आणि एकूण वजन २०० ग्रॅमच्या पुढे जाता येत नाही. या हिशेबाने २१.१ सेंटिमीटर व्यासाच्या पटरचे वजन सुमारे १७५ ग्रॅमपर्यंत असू शकते. कडेची रुंदी २.६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावी आणि तबकडी ठरावीक मर्यादेपेक्षा ताठर नसावी, अशाही अटी आहेत.

मुंबई, बेंगळुरू, चेन्नई यांसारख्या शहरांत ‘अल्टिमेट’ खेळणाऱ्यांना १७५ ग्रॅमची तबकडी परिचयाची आहे. तिचा व्यास सुमारे २७ सेंटिमीटर असतो आणि ती झेलण्यासाठी बनविलेली असते. तेवढेच वजन २१ सेंटिमीटरमध्ये सामावले की तबकडी लहान, घट्ट आणि वाऱ्याला कमी बधणारी होते. डिस्क गोल्फची तबकडी कोणी झेलत नसल्याने हे चालून जाते.

दोन प्लास्टिकची तबकडी

‘एमव्हीपी’ची स्थापना मिशिगन राज्यात ब्रॅड आणि चॅड रिचर्डसन या भावांनी केली. त्यांची पहिली तबकडी २०१० मध्ये आली आणि ती ‘आयन’ नावाचे पटर होती. बहुतेक तबकड्या एकाच प्लास्टिकच्या आणि एकाच साच्यातून काढलेल्या असतात. ‘आयन’ दोन भागांची होती. आधी मधला भाग साच्यात घडवायचा, नंतर तो दुसऱ्या साच्यात ठेवून त्याभोवती अधिक घनतेच्या प्लास्टिकची कड ओतायची, अशी ही पद्धत आहे.

त्यामागे भौतिकशास्त्राचे साधे तत्त्व आहे. फिरणाऱ्या वस्तूचे वजन मध्यापासून जितके दूर, तितका तिचा जडत्व आघूर्ण अधिक. म्हणजेच तिची फिरकी मंदावणे आणि तिचा कोन बदलणे तितके कठीण. एकूण वजन नियमाने बांधलेले असले तरी ते कोठे ठेवायचे याचे स्वातंत्र्य उत्पादकाला आहे. रिचर्डसन बंधूंनी वजन न वाढवता ते कडेकडे सरकवले. सोडताना दिलेला कोन अशी तबकडी अधिक काळ टिकवते, असा कंपनीचा दावा आहे.

‘एमव्हीपी’च्या तबकड्यांची कड काळी असते. २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘ॲक्सिअम’ने तेच तंत्र रंगीत कडांसह वापरले. पुढे एकसंध प्लास्टिकच्या तबकड्यांसाठी ‘स्ट्रीमलाइन’ हा तिसरा ब्रँड सुरू झाला. दोन भागांच्या तबकडीचा सांधा बोटांना जाणवतो म्हणून ती नाकारणारे खेळाडू आहेत, याचीच ही एक प्रकारे कबुली होती. दहा मीटरच्या आतील पट जेमतेम एखाद्या सेकंदात संपतो. एवढ्या अल्प उड्डाणात जडत्व आघूर्णाचा लाभ मर्यादितच असतो आणि तेथे पकडीचा वाटा मोठा ठरतो. लांबून टोपलीच्या दिशेने पटर फेकताना मात्र हा लाभ अधिक उपयोगी पडतो. कॉनराडची ऑग्डेनमधील फेक याच प्रकारची होती.

‘एन्व्ही’नंतर ‘पिक्सेल’

जर्मनीचा सायमन लिझोट हा लांब पल्ल्याच्या फेकींसाठी प्रसिद्ध असलेला खेळाडू २०२३ च्या प्रारंभी ‘एमव्हीपी’त दाखल झाला. त्यानंतर त्याच्या नावाच्या मालिकेत ‘ॲक्सिअम’ने ‘पिक्सेल’ हे नवे पटर आणले.

तबकडीचे उड्डाण चार आकड्यांत सांगण्याची पद्धत आहे. पहिला आकडा वेगाचा, दुसरा हवेत तरंगण्याचा, तिसरा उड्डाणाच्या आरंभी होणाऱ्या वळणाचा आणि चौथा वेग मंदावल्यावर होणाऱ्या उलट वळणाचा. उजव्या हाताने, पाठमोऱ्या पद्धतीने फेकलेली तबकडी शेवटी डावीकडे झुकते. हा झुकाव चौथा आकडा दाखवतो. ‘एन्व्ही’चे आकडे ३, ३, उणे १ आणि २ असे आहेत, तर ‘पिक्सेल’चे २, ४, ० आणि ०.५. म्हणजे ‘एन्व्ही’ शेवटी ठामपणे डावीकडे वळते. ‘पिक्सेल’ कमी वेगात अधिक तरंगते आणि जवळपास सरळच राहते.

या फरकाची किंमतही मोजावी लागते. तरंगणाऱ्या पटरला पंधरा-वीस मीटरवरून कमी जोर पुरतो. पण नेम चुकल्यास ते टोपलीपुढे लांब जाऊ शकते आणि परतीचा पट अवघड होतो. समोरून वारा असल्यास सरळ उडणारी तबकडी वर उचलली जाते किंवा उजवीकडे कलंडते. तेथे डावीकडे ओढ असलेली ‘एन्व्ही’सारखी तबकडी अधिक भरवशाची ठरते. म्हणूनच अनेक खेळाडू पिशवीत दोन पटर बाळगतात, एक टोपलीत टाकण्यासाठी आणि दुसरे दुरून टोपलीजवळ पोहोचण्यासाठी.

पकडीचाही विचार करावा लागतो. पटसाठी वापरले जाणारे ‘इलेक्ट्रॉन’ हे प्लास्टिक मऊ, मध्यम आणि कडक अशा तीन प्रकारांत मिळते. मऊ तबकडी साखळ्यांना अधिक धरून राहते, तर कडक तबकडी हातातून स्वच्छ सुटते. असे प्लास्टिक झाडांवर आणि टोपल्यांवर आदळून लवकर झिजते, आणि झिजलेल्या तबकडीचे उड्डाण बदलते. दुरून फेकण्याच्या पटरसाठी म्हणूनच ‘न्यूट्रॉन’ किंवा ‘प्रोटॉन’ ही टिकाऊ प्लास्टिक निवडली जातात.

पणाला काय?

डिस्क गोल्फमध्ये खेळाडूंना पाठबळ देणारे प्रमुख घटक तबकडी उत्पादकच आहेत. खेळाडूच्या नावाची तबकडी विकली गेली की तिच्या किमतीतील काही वाटा त्याला मिळतो. त्यामुळे एखाद्या पटरचे यश ही केवळ दुकानदाराची बाब राहत नाही. पुढचा हंगाम खेळता येईल की नाही, हेही कित्येकदा त्यावर अवलंबून असते. लहान कंपनीसाठी तर हा अस्तित्वाचाच प्रश्न असतो. नवा साचा घडविण्याचा खर्च आधी करावा लागतो आणि खेळाडूंनी तबकडी नाकारली तर तो भरून निघत नाही.

‘एमव्हीपी’ या वाटेवरची एकटी नाही. स्वीडनच्या ‘कास्टाप्लास्ट’चे नाव स्वीडिश भाषेतील ‘फेकणे’ आणि ‘प्लास्टिक’ या शब्दांतून आले आहे. तिचे ‘बर्ग’ हे पटर जाणीवपूर्वक जड उडणारे आहे. त्याचे आकडे १, १, ० आणि २ असून ते टोपलीजवळ अक्षरशः खाली बसते. तरंगणे हा गुण मानणाऱ्या बाजारात न तरंगणारी तबकडी आणून या कंपनीने स्वतःचा ग्राहक मिळवला. मोठ्या कंपन्यांची नक्कल करण्यापेक्षा त्यांनी न केलेले एखादे काम करणारे पटर बनवणे, हे या लहान उत्पादकांचे समान सूत्र दिसते.

नवा खेळाडू मात्र प्रसिद्ध नावाकडे पाहून तबकडी निवडतो, तेव्हा त्याची फसगत होण्याची शक्यता असते. त्याने आधी दोन-तीन वेगवेगळी पटर हाताळून पाहावीत, मग एकाच बनावटीच्या तबकड्या घेऊन पाच मीटरपासून सराव सुरू करावा, असे या खेळातील रूढ मत आहे. मंद वेगामुळे पटरमध्ये हाताची चूक लपत नाही आणि म्हणूनच ती लवकर सुधारते. ऑग्डेनमधील ७५ मीटरची फेक लोकांच्या लक्षात राहिली. परंतु बहुतेक होलचा निकाल अखेर टोपलीभोवतीच्या दहा मीटरच्या वर्तुळातच लागतो.