उष्टावणानंतरची सावधगिरी : तान्ह्या बाळांमधील अन्नाची ॲलर्जी

सहाव्या महिन्याच्या सुमारास बाळाचे उष्टावण होते आणि दुधापलीकडच्या चवींशी त्याची ओळख सुरू होते. मासे, कोळंबी आणि काजू ज्या गोव्यात नित्याचे, तेथे हे पदार्थ बाळाला कधी द्यावेत, हा प्रश्न घरोघरी पडतो. ॲलर्जीच्या धास्तीने ते वर्ष-दोन वर्षे टाळावेत, असे पूर्वी सांगितले जाई. हा समज आता मागे पडला आहे.

लंडनमधील ‘लीप’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० बाळांपैकी काहींना नियमित शेंगदाण्याचे पदार्थ देण्यात आले, तर इतरांना ते वर्ज्य ठेवण्यात आले. पाचव्या वर्षी वर्ज्य गटातील १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची ॲलर्जी आढळली. खाणाऱ्या गटात हे प्रमाण ३.२ टक्के होते. टाळल्याने संरक्षण मिळत नाही, हे यातून स्पष्ट झाले.

नवा पदार्थ एका वेळी एकच, अगदी थोडा आणि दिवसा द्यावा, म्हणजे बाळावर लक्ष ठेवता येते. अंडे पूर्ण शिजवलेले असावे. शेंगदाणे व काजू यांची मऊ पातळ पेस्टच द्यावी. अख्खा दाणा घशात अडकू शकतो. बाळाला तीव्र इसब असल्यास आधी बालरोगतज्ज्ञांना विचारावे. स्तनपान सुरूच ठेवावे.

ॲलर्जीची लक्षणे बहुधा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतात. अंगावर गांधी उठणे, ओठ किंवा पापण्या सुजणे, उलटी होणे ही त्यांतील नेहमीची. गाईच्या दुधाच्या ॲलर्जीत काही बाळांना उशिराने त्रास होतो आणि शौचातून रक्तही जाते. अशा वेळी म्हशीचे किंवा शेळीचे दूध हा पर्याय नव्हे, कारण त्यांतील प्रथिने गाईच्या दुधासारखीच असतात.

श्वास घेताना घरघर, आवाज घोगरा होणे, जीभ सुजणे, वारंवार उलट्या, बाळ फिकट पडणे किंवा मलूल होणे ही जिवावरच्या प्रतिक्रियेची चिन्हे आहेत. तेव्हा आमसुलाचे पाणी लावण्यात वा ॲलर्जीचे औषध पाजून वाट पाहण्यात वेळ दवडू नये. बाळाला आडवे ठेवून तत्काळ १०८ क्रमांकावर संपर्क साधावा. यावर पहिला उपचार म्हणजे मांडीच्या स्नायूत दिले जाणारे ॲड्रेनालिनचे इंजेक्शन. लक्षणे ओसरली, तरी ती पुन्हा उद्भवू शकतात; म्हणून रुग्णालयात काही तास देखरेख आवश्यक असते.

केवळ रक्ततपासणीवरून ॲलर्जी सिद्ध होत नाही. काय खाल्ले, किती वेळाने काय झाले, याची नोंद व पुरळाचे छायाचित्र डॉक्टरांना अधिक उपयोगी पडते. दूध व अंड्याची ॲलर्जी बहुतेक मुलांत वाढत्या वयाबरोबर जाते. शेंगदाणे, काजू, मासे व कोळंबीची मात्र बहुधा टिकते. म्हणूनच एखादा पदार्थ कायमचा बंद करण्याचा किंवा पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घरच्या घरी घेऊ नये.