राष्ट्रपतिपदाची उमेदवारी आणि उशिराचे विजय

उशिराचा विजय म्हणजे उमेदवारी ठरण्याच्या अखेरच्या टप्प्यात एखाद्या राज्यात मिळालेला विजय. तो पक्षाचा राष्ट्रपतिपदाचा उमेदवार बदलू शकतो का, हा प्रश्न अमेरिकेत प्राथमिक निवडणुकांच्या (प्रायमरी) संदर्भात चर्चिला जातो. भारतात अशा निवडणुका नाहीत. पण राष्ट्रपती निवडण्यात आमदारांच्या मतांचा वाटा मोठा असल्याने आधीच्या विधानसभा निवडणुकांचे निकाल या लढतीचे गणित बदलू शकतात. खानदेशच्या प्रतिभाताई पाटील २००७ मध्ये राष्ट्रपती झाल्या, ते याचे मराठी वाचकाला सर्वांत जवळचे उदाहरण आहे.

अमेरिकेतील अनुभव : प्राथमिक निवडणुकांतून पक्षाच्या अधिवेशनासाठी प्रतिनिधी निवडले जातात आणि ज्याच्या बाजूला निम्म्याहून अधिक प्रतिनिधी, त्याला उमेदवारी मिळते. उशिराच्या विजयाचे मोल प्रतिनिधींच्या वाटपाच्या नियमावर ठरते. जिंकणाऱ्याला राज्याचे सगळे प्रतिनिधी मिळत असतील, तर एका मोठ्या राज्याने पारडे फिरते. १९६४ मध्ये बॅरी गोल्डवॉटर यांनी २ जूनला कॅलिफोर्निया थोडक्यात जिंकले आणि रिपब्लिकन उमेदवारी जवळजवळ निश्चित केली. १९७२ मध्ये जॉर्ज मॅकगव्हर्न यांना त्याच राज्यातील २७१ प्रतिनिधी मिळाले. तो नियम अधिवेशनात वादाचा ठरला, पण प्रतिनिधी त्यांच्याकडेच राहिले.

प्रतिनिधी मतांच्या प्रमाणात वाटले जात असतील, तर उशिराचा विजेता पिछाडी थोडी कमी करतो, सहसा भरून काढू शकत नाही. एडवर्ड केनेडी यांनी १९८० मध्ये आणि गॅरी हार्ट यांनी १९८४ मध्ये जूनमध्ये कॅलिफोर्निया जिंकले. उमेदवारी मात्र अनुक्रमे जिमी कार्टर आणि वॉल्टर माँडेल यांना मिळाली. ३ जून २००८ रोजी हिलरी क्लिंटन यांनी साउथ डकोटा जिंकले आणि त्याच दिवशी बराक ओबामा यांनी बहुमताचा आकडा ओलांडला. एकामागून एक उशिराचे विजयही पुरेसे ठरतीलच असे नाही. १९७६ मध्ये रोनाल्ड रेगन सुरुवातीला हरत गेले. मार्चअखेर नॉर्थ कॅरोलायना, मेमध्ये टेक्सस आणि जूनमध्ये कॅलिफोर्निया त्यांनी जिंकले. तरी अधिवेशनात जेराल्ड फोर्ड १,१८७ विरुद्ध १,०७० मतांनी उमेदवार ठरले.

भारतातील रचना : राज्यघटनेच्या ५४ व्या आणि ५५ व्या अनुच्छेदानुसार संसदेचे व विधानसभांचे निवडून आलेले सदस्य राष्ट्रपती निवडतात. आमदाराच्या मताचे मूल्य १९७१ च्या जनगणनेवर काढले जाते. राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निर्वाचित सदस्यसंख्येने भागायचे आणि आलेल्या संख्येला पुन्हा १,००० ने भागायचे. त्यामुळे महाराष्ट्राच्या प्रत्येक आमदाराचे मत १७५ मूल्याचे, उत्तर प्रदेशच्या आमदाराचे २०८ मूल्याचे. २००७ मध्ये खासदाराच्या मताचे मूल्य ७०८ होते. मतदान गुप्त असते आणि त्यात पक्षादेश (व्हिप) लागू होत नाही. जामनेर तालुक्यातील पहूरचा मतदार राष्ट्रपतीला थेट मत देत नाही. त्याचा कौल आमदाराच्या आणि खासदाराच्या मतमूल्यांतून दिल्लीला पोहोचतो.

२००७ ची निवडणूक : ११ मे २००७ रोजी उत्तर प्रदेशचा निकाल लागला. ४०३ पैकी २०६ जागा जिंकून बहुजन समाज पक्ष (बसप) स्वबळावर सत्तेत आला. त्या आमदारांच्या मतांचे एकत्रित मूल्य ४२,८४८ होते. भाजप ५१ जागांवर आला. राष्ट्रपतिपदाची निवडणूक दोन महिन्यांवर असताना सर्वांत मोठ्या राज्याचे गणित असे बदलले आणि बसपच्या नेत्या मायावतींचा पाठिंबा मोलाचा ठरला.

नाव कोणते, हा निर्णय मात्र दुसऱ्या दाबाखाली झाला. तत्कालीन गृहमंत्री, लातूरचे शिवराज पाटील यांच्या नावाला डाव्या पक्षांनी संमती दिली नाही. १४ जूनला संयुक्त पुरोगामी आघाडीने राजस्थानच्या राज्यपाल प्रतिभाताई पाटील यांचे नाव जाहीर केले. बोदवड तालुक्यातील नाडगाव हे त्यांचे जन्मगाव. १९६२ मध्ये त्या जळगावमधून विधानसभेवर गेल्या आणि १९६७ पासून १९८५ पर्यंत एदलाबादच्या (आजचे मुक्ताईनगर) आमदार होत्या. मराठी उमेदवार म्हणून शिवसेनेने भाजपची साथ सोडून त्यांना पाठिंबा दिला; बसपनेही दिला. जामनेरचे आमदार गिरीश महाजन भाजपचे होते आणि त्यांचा पक्ष प्रतिस्पर्धी उमेदवार भैरोसिंह शेखावत यांच्या बाजूने होता. १९ जुलैला मतदान झाले. पाटील यांना ६,३८,११६ आणि शेखावत यांना ३,३१,३०६ मूल्याची मते मिळाली. २५ जुलैला देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती म्हणून त्यांनी शपथ घेतली.

उमेदवारी आणि विजय : पक्षाने ठरवलेले नाव जिंकेलच असे नाही. १९६९ मध्ये काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी होते. पंतप्रधान इंदिरा गांधींनी सदसद्विवेकाने मत देण्याचे आवाहन केले आणि अपक्ष व्ही. व्ही. गिरी निवडून आले. पहिल्या फेरीत कोणालाही बहुमत नव्हते. स्वतंत्र व जनसंघ पक्षांनी पाठिंबा दिलेले चिंतामणराव देशमुख, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, १,१२,७६९ मूल्याच्या मतांसह तिसरे होते. दुसऱ्या पसंतीची मते धरून गिरी ४,२०,०७७ आणि रेड्डी ४,०५,४२७ असा निकाल लागला.

मूल्यमापन : उशिराच्या विजयाला बळ मिळते ते अजून न ठरलेल्या मतांतून. ती शिल्लक नसतील तर मोठा विजयही निकाल बदलत नाही. २००७ मध्ये उत्तर प्रदेशच्या निकालाने उमेदवार निवडला नाही. ते काम डाव्यांच्या नकाराने आणि आघाडीच्या वाटाघाटींनी केले. त्या निकालाने निवडलेल्या उमेदवाराचा मार्ग मोकळा केला. म्हणून विधानसभेचे मतदान केवळ राज्यापुरते मानणे चूक आहे. पहूरच्या केंद्रावर आमदारासाठी पडलेले मत पुढे राष्ट्रपती निवडण्यात मोजले जाते. २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत ही मोजणी १९७१ च्या लोकसंख्येवरच होणार आहे. १९७१ नंतर जन्मलेल्या प्रत्येक मतदाराचे मत मोजले जाते, पण त्याचे डोके आमदाराच्या मतमूल्यात धरलेले नाही.