हळकुंडाचा वास

नरकचतुर्दशीच्या पहाटे उटण्याची वाटी पुढे आली, की मला माझी आजी आठवते. हळद घेताना ती रंगाला भुलत नसे. हळकुंड मोडून आधी आवाज ऐकायची आणि मग ते नाकाशी न्यायची. कट्‌ असा खणखणीत आवाज आला, तर ते नीट वाळले. वास आला, तर कसदार!

आमचे गाव साताऱ्याकडचे, कृष्णाकाठचे. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा वेगळा काढला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली झाले. जिल्हे दोन झाले, पण हळदीची रीत एकच राहिली. गड्डे काढायचे, काहिलीत शिजवायचे, खळ्यावर वाळवायचे आणि सांगलीच्या पेठेत न्यायचे.

पाच मण ओली हळद वाळून जेमतेम मणभर उरते. शिजवल्याने रंग आतपर्यंत सारखा पसरतो आणि हळद लवकर वाळते. मात्र फार शिजली, तर तिचे तेल वाफेबरोबर उडून जाते. पुढे दहा-पंधरा दिवस ऊन, आणि रात्री ढीग करून झाकण.

मी एकदा आजीला विचारले, "तुळस तू सावलीत वाळवतेस, मग हळद उन्हात का गं?"

"पान उघडं असतं, बाळा. हळकुंडाला कातडं असतं."

पुढे रसायनाची पुस्तके चाळताना मला तिचे म्हणणे पटले. तुळशीचे तेल पानावरच्याच इवल्या ग्रंथींत असते, म्हणून कडक उन्हात ते लवकर उडते. हळदीचे तेल गाभ्यातल्या पेशींत कोंडलेले असते. त्यातला हलका अंश आधी जातो. टर्मेरोन नावाची जड द्रव्ये मागे राहतात, आणि हळदीचा वास मुख्यत्वे त्यांचाच. पिवळेपणा मात्र कर्क्युमिनचा. १८१५ साली ते प्रथम वेगळे काढण्यात आले. त्याला वास नाही आणि उजेडाने ते विटते. म्हणून चिरून उन्हात टाकलेली हळद वरून फिकी पडते. तिला मंद, बेताची ऊबच मानवते.

वाळवून मिळवलेले टिकवायचे कसे, याचे उत्तर सांगलीजवळच्या हरिपुरात होते. कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या या गावात जमिनीखाली पेवे खणीत. तोंड अरुंद, पोट मोठे. तोंड बंद केले, की आत हवा नाही आणि किडीला थारा नाही. हळद तिथे वर्षानुवर्षे टिके. २००५ च्या महापुरात पाणी शिरले आणि बहुतेक पेवे निकामी झाली. आपण एखाद्या गोष्टीचे 'पेव फुटले' म्हणतो. इथे मात्र पेवेच बुडाली.

२०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, याचा मला आनंद आहे. पण आपण पुडी घेतो ती रंग पाहून. 'पी हळद अन्‌ हो गोरी' अशी घाई आपल्याला जडली आहे, आणि वास ओळखणारी नाके घरोघर कमी होत आहेत. या दिवाळीत मुलांच्या हाती एक हळकुंड द्या. ते मोडू द्या, हुंगू द्या. आजीची परीक्षा तेवढी तरी पुढे जाईल.