आरंभीची गर्दी आणि नित्याचा राबता

मुंबईहून सुरतेस जाणारा प्रवासी कडोदऱ्याच्या चौरस्त्यावर महामार्ग सोडतो. तेथील गिरण्यांच्या परिसरात दूरदूरची माणसे पोटासाठी येऊन राहिली आहेत. गावच्या देवाच्या पालखीचे दर्शन त्यांतील पुष्कळांना मोबाइलवरच घडते. अशा विखुरलेल्या माणसांचा समाज ज्या ॲपवर जमतो ते टिकेल की मिटेल, हा प्रश्न केवळ व्यापाऱ्यांचा नव्हे. मग आरंभी लागलेली लोकांची रीघ हा त्याच्या दीर्घायुष्याचा पुरावा मानावा काय?

या प्रश्नास सुरतेच्याच इतिहासात एक जुना दाखला आहे. १८४४ साली दुर्गाराम मेहताजी, दादोबा पांडुरंग तर्खडकर प्रभृतींनी तेथे मानवधर्म सभा स्थापिली. मांत्रिकांस उघड आव्हान देऊन या सभेने शहरात खळबळ उडविली. परंतु १८४६ साली दादोबा मुंबईस गेले, १८५२ साली दुर्गाराम राजकोटास गेले आणि सभा मावळली. उलट, १८६७ साली दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने मुंबईत निघालेला प्रार्थनासमाज मूठभर सभासदांनिशी, साप्ताहिक उपासनेच्या बळावर, आजतागायत उभा आहे.

ॲपांची कथा निराळी नाही. जानेवारी २००४ मध्ये निघालेले 'ऑर्कुट' हिंदुस्थानात व ब्राझीलमध्ये घरोघर पोहोचले. सप्टेंबर २०१४ मध्ये ते बंद झाले. त्याच्या मागोमाग, फेब्रुवारी २००४ मध्ये, 'फेसबुक' हार्वर्ड या एकाच विद्यापीठापुरते निघाले. मात्र महिन्याभरात तेथील निम्म्याहून अधिक पदवीपूर्व विद्यार्थी त्यात आले. आपल्याकडील 'कू'वर २०२१ च्या आरंभी मंत्र्यांपासून सामान्यांपर्यंत गर्दी लोटली. २०२४ च्या जुलैत त्याचे दार लागले.

यावरून आरंभीचे यश निरर्थक ठरते, असे आम्ही म्हणत नाही. फेसबुकचा आरंभही जोरदारच होता. पण तेथे जमलेले लोक एकमेकांना ओळखणारे होते आणि उद्या पुन्हा येण्यास त्यांना कारण होते. 'कू'वरील गर्दीस बाहेरच्या वादाचे निमित्त होते. निमित्त सरले, गर्दी ओसरली.

जत्रेच्या गर्दीवरून देवस्थानाचा नित्यनेम ठरत नाही. पहाटेच्या काकड्याला कोण येतो, हे पाहावे लागते. म्हणून आपल्या देवस्थानांनी व मंडळांनी उत्सवांची छायाचित्रे आणि समाजाची दफ्तरे केवळ लोकप्रिय ॲपच्या हवाली करू नयेत. त्यांची एक प्रत आपल्या घरी असावी, हेच शहाणपण होय.