सुपरमार्केटने छोटं दुकान उघडलं, म्हणजे नोकऱ्या वाढल्या का?

ब्रिटनमध्ये मोठ्या सुपरमार्केट कंपनीने छोटी दुकानं काढायची घोषणा केली, की दुकानांच्या आकड्याशेजारी नोकऱ्यांचाही आकडा येतो. तो खोटा असतोच असं नाही, पण अपुरा असतो.

मोठ्या कंपन्या छोट्या दुकानांत का?

'टेस्को एक्सप्रेस' १९९४ मध्ये आलं, 'सेन्सबरीज लोकल' १९९८ मध्ये. कामावरून घरी जाता जाता दूध-पाव घेणारं गिऱ्हाईक त्यांना हवं होतं. शिवाय १९९४ च्याच संडे ट्रेडिंग कायद्यानुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये २८० चौरस मीटरपेक्षा मोठं दुकान रविवारी सलग सहा तासच उघडं ठेवता येतं, तेही सकाळी १० ते संध्याकाळी ६ च्या दरम्यान. लहान दुकानाला ही अट नाही. दुकान जास्त वेळ उघडं, म्हणून शिफ्ट जास्त आणि माणसंही जास्त.

मग आकड्यात गडबड कुठे?

पहिली गोष्ट, यातली बरीच कामं अर्धवेळ असतात. वीस नोकऱ्या म्हणजे वीस पूर्ण पगार नव्हेत.

दुसरी, सगळी दुकानं नवी नसतात. २००२ मध्ये टेस्कोने टी अँड एस स्टोअर्स ही कंपनी आठशेहून अधिक दुकानांसह विकत घेतली. तिथे माणसं आधीपासूनच कामाला होती, फक्त मालक बदलला. मॉरिसन्सचं उदाहरण तर मजेशीर आहे. या कंपनीने २०१५ मध्ये आपली १४० 'एम लोकल' दुकानं तोट्यामुळे विकून टाकली. नव्या मालकांनी त्यांचं 'माय लोकल' केलं, ते वर्षभरात बुडालं आणि शेकडो जणांची नोकरी गेली. त्याच मॉरिसन्सने २०२२ मध्ये दिवाळखोरीत गेलेली मॅककॉल्स घेतली: १,१६० दुकानं, सुमारे १६,००० कर्मचारी. या नोकऱ्या नव्या नव्हत्या, वाचलेल्या होत्या. त्याही सगळ्या नाहीत, कारण त्याच वर्षी तोट्यातली १३२ दुकानं बंद करायचं ठरलं.

तिसरी गोष्ट मोजायला सगळ्यात अवघड. कोपऱ्यावरची अनेक जुनी दुकानं भारतीय आणि पाकिस्तानी वंशाची कुटुंबं चालवतात. आपल्याकडच्या वाण्यासारखंच, गल्ल्यावर नवरा, मागे बायको, संध्याकाळी मुलं. शेजारी 'एक्सप्रेस' आल्यावर असं दुकान बंद पडलं, तर त्यांची गेलेली कामं कंपनीच्या घोषणेत कुठेच वजा होत नाहीत.