चेंडू फुलाचा झेंडू

खंडेनवमीच्या आदल्या पहाटे बेंगळुरूच्या के. आर. मार्केटात शिरलेल्या मराठी माणसाला कानडी येत नसले, तरी एक शब्द लगेच कळतो: 'चेंडु हूवु'. चेंडूसारखे फूल, म्हणजे आपला झेंडू. पोत्यांनी उतरलेला हा माल दुसऱ्या दिवशी आयुधपूजेला रिक्षा, लेथ आणि संगणकांच्याही गळ्यात पडतो.

दाराच्या तोरणात इतका रुळलेला हा गडी मूळचा मेक्सिकोचा. पोर्तुगीजांच्या व्यापारामागोमाग तो इकडे आला, असे मानतात. बियाणेवाले त्याला 'आफ्रिकन' म्हणतात, ते मात्र साफ चूक. अ‍ॅझ्टेकांच्या नाहुआत्ल भाषेतल्या त्याच्या नावाचा अर्थ 'वीस फूल'. वीस म्हणजे पुष्कळ. मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या आरंभी पितरांना घरची वाट सापडावी म्हणून त्याच्या पाकळ्या अंथरतात.

लिनियसने 1753 मध्ये या प्रजातीला 'टॅजेटीस' म्हटले. नांगराच्या तासातून उगवलेल्या टॅजेस या एट्रुस्कन देवावरून हे नाव आले, असे सांगतात. सीतेची कथा ऐकत वाढलेल्यांना हा देव परका वाटू नये.

नाहुआत्ल नावातले ते 'पुष्कळ' झेंडूला शोभतेही. सूर्यफुलाच्या कुळातला असल्याने त्याचे एक फूल म्हणजे फुलांची अख्खी वसाहत. माळ ओवताना पाकळी उपटली, की खाली काळी सुई दिसते. पाकळी हेच एक स्वतंत्र फूल आणि सुई हे त्याचे फळ. मधोमध असतात बारीक नळीदार फुले, परागकण त्यांच्यात. पाने उजेडासमोर धरली तर तेलाच्या ग्रंथींचे ठिपके दिसतात. तो उग्र वास त्यांचाच. मुळांतल्या द्रव्यांना सूत्रकृमी दबतात, म्हणून शेतकरी टोमॅटोच्या आसपास झेंडू लावतात.

बेंगळुरूजवळ हेसरघट्ट्याच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेने झेंडूचे 'अर्का बंगारा' हे पिवळे वाण काढले. कानडीत बंगार म्हणजे सोने, हे दसऱ्याला साजेसेच. या वाणात परागकण तयार होत नाहीत, म्हणून त्याची लागवड बियांऐवजी फांदीच्या छाटाने करतात.

मराठी घरात दसऱ्याचे तोरण वाळले की ते कुंडीत कुस्करायची जुनी सवय आहे. तोरण 'बंगारा'चे असेल, तर त्या कुंडीत फारसे काही उगवायची आशा धरू नये.