उपहासकलेतील शेंडेनक्षत्र

शेंडेनक्षत्र म्हणजे धूमकेतू. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त ‘केतुचार’ हा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यातली बरीच अरिष्टे राजांवर व राज्यांवर येणारी. शांत करायची वेळ आली की पैसा मात्र कुणब्याच्या कनवटीतून जाई. आभाळाचे भय कोण घालतो आणि त्याची किंमत कोण मोजतो, हाच या भयावरच्या उपहासाचा खरा विषय.

जून 1857 मध्ये धूमकेतू पृथ्वीवर आदळणार अशी आवई युरोपात उठली. पॅरिसच्या ओनोरे दोमिएने ‘ल शारिव्हारी’ या पत्रात घाबरलेल्या शहरी मंडळींची शिळाछाप चित्रे काढली. पुढच्याच वर्षी दोनातीचा धूमकेतू खरोखर दिसला, तेव्हाचे त्याचे चित्र फार बोलके आहे. विद्वान बाबिने दुर्बिणीला डोळा लावून भलतीकडेच पाहतो आहे. धूमकेतू त्याच्या पाठीमागे झळकतो आहे आणि तो आल्याची वर्दी त्याला देते ती इमारतीच्या दाराशी बसणारी बाई.

मराठीत याच जातीचे काम जोतीराव फुले यांच्या ‘तृतीय रत्न’ (1855) या नाटकाने केले. तिथे धूमकेतू नाही, ग्रह आहेत. जोशी गरोदर कुणबिणीला पोटातल्या मुलावर ग्रहांचे संकट असल्याचे सांगतो. मग अनुष्ठान आले, ब्राह्मणभोजन आले आणि त्यापायी नवऱ्याला कर्जही आले. विदूषक मध्ये पडून जोशाचा डाव उघडा पाडत राहतो. दोमिएच्या बाईसारखाच तोही मानाच्या पाटावरचा नव्हे. दिसते मात्र त्यालाच. अखेरीस ते जोडपे फुले दांपत्याच्या शाळेची वाट धरते. दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारलेले हे नाटक छापून आले ते 1979 साली.

1910 च्या मे महिन्यात पृथ्वी हॅलेच्या धूमकेतूच्या शेपटातून गेली आणि विषारी वायूच्या भयाने जगभर खळबळ उडाली. त्यानंतरच्या दशकांत सातारा-कोल्हापूर भागात फुल्यांच्या विचारांचे सत्यशोधकी जलसे रंगू लागले. तमाशाचाच साज, पण बतावणीत सोंगाड्या पंचांगवाल्या भटजीला प्रश्न विचारून भंडावी. पुढे आंबेडकरी जलशांनी हीच बतावणी आपलीशी केली.